वशिंड कोरलेला साचा

“शिवमूर्ती, असा गोल कर, की पुनवंच्या चांदानं बी वळून बघावं!”

हा आवाज कारखान्याचे मालक ग्यानोबांचा. तेव्हा मी सागवानाचा नुसता ठोकळा होतो, शिवमूर्ती सुतारांच्या मांडीपाशी पडलेला. मित्रांनो, आता मी एक जुना लाकडी साचा आहे, अहमदपूरच्या वाटेवरल्या फाउंड्रीतला, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातला. मला ओल्या वाळूत दाबतात आणि हलक्या हातानं उचलतात. माझ्या आकाराचा खड्डा उरतो. त्यात भट्टीवरचे व्यंकटी लालबुंद लोखंड ओततात. वाळूच्या कुशीत लोखंडाचं बाळ निजतं आणि गार होऊन उठतं, ते वजनाची तबकडी होऊन. तालमीत, जिममध्ये दांड्याला अडकवतात ना, तीच. वीस किलोची.

पहिली तबकडी ग्यानोबांनी काट्यावर ठेवली. बरोबर वीस! “आता तोलायचं कशाला?” ते म्हणाले. “साचा त्योच, तर वजन बी तेच.” त्या दिवसापासून कुणी तोललं नाही.

वजन एक, पण नाव मात्र रंगानं लिहिलेलं. ज्याच्या हाती कुंचला, त्याचं शुद्धलेखन! कधी ‘ग्यानोबा’, कधी ‘ग्यानबा’, कधी नुसतं गावाचं नाव, ‘देवणी’. लाल रंग संपला की हिरवा. माझीच लेकरं गावोगाव एकमेकांना ओळखत नव्हती, याचं मला फार वाईट वाटे.

ग्यानोबा गेल्यावर कारखाना लेकीकडे, उज्वलाकडे आला. तिनं साऱ्या तबकड्या अंगणात ओळीनं मांडल्या आणि कपाळाला हात लावला.

“अगं बया! एका आईची लेकरं आन् नावं सात घरची? रेणापूरच्या जिमवाल्याला म्हणलं ह्या आमच्याच हायत, तर खो खो हसला की मेला!”

तिनं एकच नाव ठरवलं : वशिंड. देवणी बैलाच्या पाठीवरचा तो डौलदार उंचवटा. एकच निळा रंग, वशिंडाची एकच रेघ. पाटीवर तीच, बाकांवर तीच, कामगारांच्या सदऱ्यांवर तीच. आणि लोखंडावरून पुसलं जाऊ नये म्हणून नाव माझ्या अंगावर कोरायचं.

शिवमूर्ती आले. थकले होते. त्यांचा जन्म धान्याच्या राशीवर उमटवायचे ठसे कोरण्यात गेलेला. ठशात अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते सुलटं उमटतं. माझं तसं नाही. वाळूत अक्षर उलटतं, लोखंडात पुन्हा सुलटतं, म्हणून मला सुलटंच कोरायचं. पण हात सवयीनं चालला. काम झाल्यावर त्यांनी मला हातभर लांब धरलं आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. सारी अक्षरं उलटी!

त्यांनी दार लोटलं. माझ्या तोंडावर रंधा फिरवला, अक्षरं जाईपर्यंत. मग नव्यानं कोरलं. भुसा पिशवीत भरला. मी पातळ झालो होतो, मित्रांनो.

“काका, हात हाय का जादू!” उज्वला म्हणाली.

त्यांनी भुशाची पिशवी काखेत मारली आणि ते निघाले.

पुढं नांदेडला मुलींची वजन उचलण्याची स्पर्धा भरली. तबकड्या आमच्या. उज्वलानं मलाही नेलं, झेंडूची माळ घालून टेबलावर बसवलं. देवणीच्या बबितानं आजवर कुणी न उचललेलं वजन डोक्यावर नेलं. मंडप दणाणला. विक्रम लिहायच्या आधी पंचांनी काटा मागवला.

अठरा किलो आठशे.

दुसरी तबकडी. अठरा आठशे. तिसरी, चौथी... टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. नाव एक, रंग एक आणि खोटही अगदी एकसारखी!

बबिता घाम पुसायचं विसरली. “ताई, मग म्या उचललं काय?”

उज्वला खाली बघत एकेक तबकडी गोळा करू लागली. माझ्या गळ्यातली माळ मला फासासारखी वाटली.

परत येताच तिनं व्यंकटींना विचारलं, “लोखंड कमी ओतलं का तुम्ही?”

“ताई, खड्डा भरंपर्यंत ओततो. पेल्यात चहा पेल्याएवढाच बसणार की!”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. शिवमूर्ती कोपऱ्यात उभे होते, खांद्यावरल्या पंच्याचं टोक मुठीत धरून.

“म्हंजी हाच झिजला,” उज्वलानं माझ्याकडे बोट दाखवलं. “अण्णांच्या, माझ्या बापाच्या नावाला बट्टा लावला ह्यानं. टाका भट्टीत.”

व्यंकटींनी मला उचललं. भट्टीची धग अंगाला लागली. मित्रांनो, मुक्या वस्तूवर दोष ढकलणं फार सोपं असतं. ती उलट बोलत नाही. तुमच्या घरची एखादी जुनी वस्तू चुकली, तर फेकण्याआधी एवढं विचारा, की तिला शेवटचा हात कुणाचा लागला? मी तर ते सांगूही शकत नव्हतो. डोळ्यांसमोर नुसता लाल जाळ होता.

“थांब व्यंकटी!” शिवमूर्ती ओरडले. सारे दचकले. म्हातारा पुढं आला आणि दोन्ही हातांनी त्यानं मला धरलं.

“त्यो न्हाई झिजला, पोरी. अक्षरं म्या उलटी कोरली हुती. तुला कळलं तर पुन्हा बोलवायची न्हाईस, म्हणून रंधा मारला आन् गप बसलो. बबिताला सांग, खोट माझ्या हाताची हाय.”