पुढचा इशारा राहिला

सोमवारी संध्याकाळी साडेसात वाजता समृद्धी माझ्यावर येऊन बसली. तिने बोलायला तोंड उघडले आणि कानाला फोन लावलेल्या तिच्या बाबांनी तिच्याकडे न पाहताच पंजा वर केला. ती थांबली. घडले ते एवढेच.

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे. भिलाईच्या सेक्टर दहामधल्या एका क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात, नळाजवळ माझी जागा आहे. त्या घटनेला बरेच आठवडे झाले. घरातल्यांना त्या गोष्टीचे मोल उशिरा कळले. मला त्याच वेळी कळले होते, पण मला तोंड नाही.

माझे लाकूड साल नावाच्या झाडाचे. पूर्वी मी जवळच्या चरोद्याच्या रेल्वे यार्डात रुळाखालचा स्लीपर होऊन पडलेले असे आणि अंगावरून मालगाड्या जात. सिमेंटचे स्लीपर आले तसे आम्हाला उपटून बाजूला टाकले. तिथल्या एका सुताराने मला कापले, रंधा मारला, चार पाय बसवले. रुळाचा खिळा जिथे ठोकलेला होता ते भोक मात्र बैठकीच्या कडेला राहिले. सुतार ते बुजवणार होता. मला न्यायला आलेल्या चिंधूंनी नको म्हटले. काम केलेल्या लाकडाला खूण असावी, असे त्यांचे म्हणणे.

चिंधू म्हणजे समृद्धीचे आजोबा, घरातले आबाजी. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातून ते इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये आले आणि क्रेनला इशारे देण्याच्या कामाला लागले. वर केबिनमध्ये क्रेन चालवणारा, खाली आबाजी, मध्ये लटकलेले लोखंड. आवाज इतका, की बोलणे ऐकूच येत नसे. सगळा कारभार हातांचा. तर्जनी वर करून गोल फिरवली की उचल. पंजा उघडून धरला की थांब. आणि ज्याने थांबवले, त्यानेच पुढचा इशारा द्यायचा. तो येईपर्यंत ओझे तसूभरही हलायचे नाही.

हा नियम त्यांनी घरीही आणला. ड्युटीवरून आले की ते माझ्यावर बसून बूट काढत, नळावर हातपाय धूत. घरात कुणाला काही सांगायचे असले तर त्याला माझ्यावर बसवत आणि स्वतः समोर जमिनीवर मांडी घालत. लोक हसत, की बापच खाली बसला. ते म्हणत, "सांगणारा वर पाह्यजे. त्याले दिसलं पाह्यजे का खालचा आपल्याकडेच पाहून राहिला."

त्यांचा मुलगा प्रशांत आठवीत गणितात नापास झाला तेव्हा माझ्यावर बसूनच त्याने ते सांगितले. आबाजी नुकतेच रात्रपाळी करून आले होते, डोळे लाल होते. तरी त्यांनी गमछ्याला हात पुसले, ते गुडघ्यांवर ठेवले आणि पोराचे सगळे ऐकून घेतले. शेवटी एकच विचारले, "अजून काही राहिलं?" प्रशांत रडला, मग जेवला, मग खेळायला गेला. माझ्या चांगल्या दिवसांतला तो एक दिवस.

पुढे प्रशांत प्लांटच्या ऑफिसात लागला, साधना लग्न होऊन या घरात आली आणि समृद्धी झाली. आबाजी रिटायर झाले होते. आजोबा-नातीचा क्रेनचा खेळ चाले. ही माझ्यावर उभी राहून दोरीला बांधलेला डबा वर खेची, आजोबा खालून इशारे देत. पंजा दिसला की ही पुतळा. एक पाय हवेत असला तरी तसाच. आणि मित्रांनो, दारावर कुणी आले तर आबाजी आधी तर्जनी फिरवून तिला मोकळे करत, मगच कडी काढत. पोरीला थांबवून ते एकदाही उठून गेले नाहीत. म्हणून समृद्धीचा त्या पंजावर विश्वास बसला.

आबाजी गेले. त्यांच्या जाण्याचे मी एवढेच सांगते, कारण मला अजून ते नीट सांगता येत नाही. त्यांच्यानंतर माझ्यावर कपड्यांची बादली ठेवू लागले. कधी कुणी पंख्याची जाळी पुसायला मला आत नेई आणि परत आणायचे विसरे.

प्रशांत वाईट माणूस नाही. सिविक सेंटरच्या बाजारात गेला की पोरीसाठी न सांगता खायला आणतो. पण त्याच्या हातात फोन असतो, आणि फोनमध्ये ऑफिसचा ग्रुप, कॉलनीचा ग्रुप, क्रिकेटचा स्कोर. तो जेवत असतो, उत्तर देत असतो, मॅच पाहत असतो. साधना एकदा म्हणाली होती, की यांना भाजी कोणती होती विचारा, सांगता येणार नाही. तो हसला, पण त्याला खरेच सांगता आले नाही. घरी बसूनही तो दमलेलाच दिसे. जरा भांडे वाजले तरी चिडे. कशाने दमला हे त्यालाही ठाऊक नव्हते.

समृद्धी बारावीत गेली, कोचिंग सुरू झाले. त्या सोमवारी दुपारी घरात कुणी नव्हते. तिने बादली उतरवली, माझ्यावर बसली, खिळ्याच्या भोकात बोट घातले आणि रिकाम्या व्हरांड्याला हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मले पढाई होऊन नाही राहिली. अक्षर दिसते, पण अंदर काहीच जात नाही. छातीत धडधड होते. मले भीती वाटते, बाबा." मग पुन्हा तेच, जरा मोठ्याने. बाबांना कसे सांगायचे याची ती तयारी करत होती.

संध्याकाळी प्रशांत व्हरांड्यात खुर्ची टाकून फोनवर बोलत होता. ती आली, बसली, "बाबा" म्हणाली, आणि पंजा वर झाला.

तो फोन संपला. लगेच दुसरा आला. मग त्याने स्कोर पाहिला, कुणाला तरी उत्तर लिहिले आणि आतून साधनाने हाक मारली तसा उठून जेवायला गेला. पंजा केव्हा खाली आला ते त्यालाही कळले नाही. समृद्धी बसून राहिली. तिचे बोट माझ्या भोकात होते, ते गार पडत गेले. आतून पुन्हा हाक आली तेव्हा ती उठली. जेवली नाही.

त्यानंतर ती बोलायची बंद झाली. एकदम नाही. आधी लांब वाक्ये गेली, मग छोटी. हो आणि नाही उरले, मग नुसती मान उरली. कोचिंग सुटले. प्रशांतला वाटले परीक्षेचा ताण आहे, होईल ठीक. साधनाने तिला हट्टाने डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी औषध दिले, आणि सांगितले की रोज थोडा वेळ हिच्याजवळ नुसते बसा, हातात काही नको. किती दिवसांनी बोलेल, हे त्यांनी सांगितले नाही.

एका संध्याकाळी याच व्हरांड्यात प्रशांतने तिला कळवळून विचारले, "बेटा, तू बोलत कावून नाही? काय झालं तुले?"

समृद्धीने त्याच्याकडे पाहिले आणि पंजा वर केला. उघडा, स्थिर, जसा आबाजी धरत तसा.

प्रशांतला काही उमगेना. साधना दारात उभी होती. त्या सोमवारी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळे पाहिले होते, पण तेव्हा तिलाही ते रोजचेच वाटले होते. ती शांतपणे म्हणाली, "तुमीच थांबवलं होतं तिले. मंग चालू कोण करन?"

प्रशांतने पोरीच्या उघड्या पंजाकडे पाहिले. मग त्याने माझ्यावरची बादली उतरवली आणि मला आपल्या शर्टाने पुसले.

तेव्हापासून तो ड्युटीवरून आला की फोन पिठाच्या डब्यावर ठेवतो, नळावर हातपाय धुतो आणि माझ्यासमोर जमिनीवर बसतो. हात गुडघ्यांवर, रिकामे. पहिले काही दिवस त्याची बोटे आपोआप खिशाकडे जात, मग तो मुठी आवळून घेई. समृद्धी दारापर्यंत येई आणि परत जाई.

मित्रांनो, मी लाकूड आहे. तुमच्यासारखे मला दोन कान नाहीत. पण माझ्यावर बसलेल्या माणसाचे वजन मला कळते, आणि जे सांगायचे राहून जाते त्याचेही वजन असते. कुणी तुमच्याजवळ येऊन बसले तर हात रिकामे करा. थांबवावेच लागले तर थांबवा, पण काम आटोपल्यावर त्याच्याकडे परत या. ते माणूस तिथेच बसलेले असते.

आज संध्याकाळी प्रशांत बसला तेव्हा समृद्धी दारात होती. त्याने तर्जनी वर केली आणि हळूहळू गोल फिरवली. इशारा आबाजींइतका सफाईदार नव्हता. स्वयंपाकघरात डब्यावर फोन वाजू लागला. पत्रा खडखडला. त्याने मान वळवली नाही. तो फिरवत राहिला.

समृद्धी व्हरांड्यात उतरली. माझ्याजवळ आली. ती अजून बसलेली नाही, बोललेली नाही. तिचे बोट माझ्या खिळ्याच्या भोकात आहे.