अंधारखोलीची पाटी

ऊस पैदास केंद्रात सगळे त्यांना मिनिटराव म्हणत. उसाला तुरा यायचा तर रात्र किती मिनिटांची हवी, हे त्यांना स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक. दोन वाणांचा संकर करायचं त्यांनी अकरा वर्षांपूर्वीच डोक्यात घेतलं होतं. पण एक लवकर फुले, दुसरा उशिरा, आणि दोघांची गाठ काही पडत नसे. निवृत्तीआधीचा हा शेवटचा हंगाम. म्हणून उशिरा फुलणाऱ्याच्या कुंड्या रुळांवरच्या गाड्यांतून रोज संध्याकाळी पाचलाच अंधारखोलीत ढकलायच्या, म्हणजे रात्र लांबली असं समजून तो लवकर फुलेल, असा बेत होता.

पण येणारा-जाणारा दार उघडून डोकावे. जरा उजेड आत शिरला की केलेल्यावर पाणी! मिनिटरावांनी मनाईच्या पाटीसाठी सात अर्ज केले. शेवटी ते आठवडाभर बहिणीकडे गेले असताना कचेरीनं पाटी लावली म्हणे. दिसली मात्र कुठेच नाही. कागदावरच लावली असेल, म्हणून त्यांनी नाद सोडला.

लवकरचा वाण फुलला, त्याचे पराग उडू लागले. उशिराचा ढिम्म. कुठे फट राहिली ते शोधायला मिनिटराव खोलीत शिरले आणि कुंड्यांच्या गाड्या ढकलणाऱ्या गाडीवाल्याला म्हणाले, "बाहेरून दार लावा."

दार लागलं आणि लख्ख उजेड पडला.

दाराच्या वर, आतल्या बाजूला, काचेची पाटी झळकत होती: 'येथे प्रकाशास सक्त मनाई.' वीज वाया जाऊ नये म्हणून दार बंद झाल्यावरच पेटणारी.

ते हसले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. आता तुरा यायचा तो पुढच्या वर्षी.

गाडीवाल्यानं दार उघडलं. सगळं ऐकून तो कपाळाला हात लावून म्हणाला, "बसवताना मी पाहिलं होतं, पण मला वाटलं घड्याळ बसवतायत. काढून टाकू?"

"सरकारी वस्तू आहे. अर्ज करावा लागेल."

सात अर्जांना तीन महिने लागले होते आणि त्यांच्या नोकरीचे आठ दिवस उरले होते. मिनिटरावांनी अंगातला जाड कोट काढला, स्टुलावर चढून तो पाटीवर नीट पांघरून टाकला.

आठव्या दिवशी ते फाटकाशी पोचले, तेव्हा गाडीवाला मागून धावत आला. "साहेब, कोट राहिला तुमचा!"

"राहू दे," मिनिटराव म्हणाले. "त्याची नोकरी अजून संपली नाही."