सूचना क्रमांक सहा

नऊ माणसं आली होती आणि नऊच्या नऊ जणांच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स होती.

कार्यक्रम गाण्याचा होता. मी दाराशीच विचारलं, "हे कशाला आणलंत?"

पापनाशमहून दोन बस बदलून आलेले सांबशिवराव म्हणाले, "तुमची नोटीस आली की हो. शेषम्मा टीचर म्हणाल्या, भाषा सरकारी दिसते, कागद घेऊन जा. घरपट्टीचं आहे काय?"

नोटीस नव्हती ती. मी लिहिलेला ईमेल होता.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमच्या मराठी मंडळाचा हॉल आहे. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी नाव नोंदवलेल्या दोनशे बारा घरांना ईमेल पाठवायचा, ही माझी नोकरी. गाडी कुठे लावायची, कुठल्या दारानं यायचं, किती वाजता यायचं. एवढंच. पण अध्यक्ष भरद्वाज सरांना एवढंच चालत नाही. ईमेल देवनागरीतच हवा आणि मराठी शुद्ध हवी. "सुंदरी, 'या' असं काय लिहितेस? भाजी घ्यायला बोलावतेस काय? 'उपस्थिती प्रार्थनीय' लिही." मग मी लिहायची. ते चष्मा चढवून स्क्रीनकडे दोन मिनिटं बघायचे, म्हणायचे, "शुद्ध आहे. पाठव."

आता खरं सांगते. या दोनशे बारा घरांत मराठी बोलतात सगळे, देवनागरी वाचत कुणीच नाही. शाळा तमिळ नाहीतर इंग्लिश. घरात मराठी लिहायची वेळ आलीच तर तमिळ अक्षरांत लिहितात. मी हिंदीच्या खाजगी परीक्षा दिल्या म्हणून मला ही अक्षरं येतात. त्यामुळे माझा ईमेल आला की सगळे तो एकाच बाईला पाठवतात: शेषम्मा टीचर, वय त्र्याऐंशी, आयुष्यभर हिंदीच्या शिकवण्या घेतल्या. त्या फोनवर जे सांगतील ते खरं. 'उपस्थिती प्रार्थनीय' वाचून त्यांना कोर्ट आठवलं, यात त्यांची काय चूक?

मी सरांना म्हटलं, "तमिळ अक्षरांत मराठी लिहू या. सगळे आपापलं वाचतील."

"शिव शिव! मराठी राजांच्या गावात?" सर उभेच राहिले. "आणि ऐक. पुढच्या महिन्यात हॉल रिकामा राहिला, तर ईमेल कंप्यूटर लिहील. तुझं काम संपलं."

मी पेटले. नोकरी जाणारच असेल तर जाऊ दे, पण जाता जाता एक तरी ईमेल कामाचा लिहीन म्हटलं. पुढच्या कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी बसले आणि लिहिला.

एक, पुढच्या दारानं येऊ नका, तिथे मार्चपासून खड्डा आहे. दोन, गाडी मागच्या चिंचेखाली लावा, काचेवर वरून जे पडेल त्याला मंडळ जबाबदार नाही. तीन, शेवटच्या तीन रांगांतले पंखे फक्त दिसायला आहेत. चार, संडासाच्या दाराला कडी नाही, आत असेपर्यंत गात राहा. पाच, चाळीस नंबरच्या खुर्चीवर बसू नका, कारण विचारू नका.

सहा, कार्यक्रम साडेपाचला आहे हे खोटं आहे. साडेपाचला अध्यक्षांचं मातृभाषेवर भाषण आहे. ते सत्तेचाळीस मिनिटं चालतं, मी तीन वेळा घड्याळ लावलंय. तेवढ्या वेळात मागच्या अंगणात बोंडा आणि कॉफी मिळेल. सहा वाजून सतरा मिनिटांनी आत या.

सरांसमोर ठेवला. वाटलं, आता ओरडतील.

सरांनी चष्मा चढवला. नजर वर गेली, खाली आली. "शुद्ध आहे," म्हणाले. "संस्कृत जरा कमी वाटतं. पाठव."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग टेबलावरच्या त्यांच्या भाषणाकडे नजर गेली. अकरा पानं, सगळी तमिळ अक्षरांत. अक्षरं येत नाहीत यात लाज कसली? अख्ख्या गावाला येत नाहीत. पण स्वतःला येत नसताना दोनशे बारा घरांच्या डोक्यावर ती मारायची आणि वर माझी नोकरी काढायची? मी बटण दाबलं.

कार्यक्रमाच्या दिवशी साडेपाचला हॉलमध्ये तीन जण होतो. सर, मी, आणि ओरत्तनाडुहून व्हायोलिन वाजवायला आलेली अखिला.

सर माझ्याजवळ आले. "उद्यापासून येऊ नकोस." एवढं बोलून मंचावर गेले आणि भाषण सुरू केलं. समोर माणूस नाही याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. मागून बोंड्याचा वास येत होता. अखिलानं मला खुणेनं विचारलं, मलाही एक मिळेल काय?

सहा सतराला मागचं दार उघडलं आणि माणसं आत आली. येतच राहिली. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या. सांबशिवराव उभे राहिले, पण चाळीस नंबरवर कुणी बसलं नाही. संडासातून एका बाईचा मोठा आवाज लागला आणि बाहेर रांगेतल्या बायका ताल देऊ लागल्या. अखिलानं तोच सूर धरून व्हायोलिन लावून घेतलं.

सर माईकवरच म्हणाले, "एवढी माणसं आली कशी?"

पहिल्या रांगेतून शेषम्मा टीचर उठल्या. "ईमेल बघून आलो रे भरद्वाजा! जन्मात असा ईमेल बघितला नाही. सहावी सूचना तर लोकांनी माझ्याकडून तीन-तीनदा वाचून घेतली. तू मंजूर केलीस म्हणे?"

"हो तर," सर फुलून म्हणाले. "मीच."

"मग मोठ्यानं वाच की." टीचरनी फोन पुढे केला. "लहानपणी माझ्याकडे शिकवणीला आलास आणि दोन दिवसांत पळालास. मग आता शिकलास म्हणायचं!"

संडासातलं गाणंसुद्धा थांबलं. सरांनी फोन घेतला, चष्मा काढला, धोतरानं पुसला, पुन्हा चढवला. फोन लांब धरला, जवळ धरला. मग माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून चिंचेकडे बघत होते.

"शुद्ध आहे," सर म्हणाले.

लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन नेहमीच्या वेळी ऑफिसात गेले. सरांनी दार लावून घेतलं. "तुला येऊ नको म्हटलं होतं."

"का ते लिहून द्या, सर. ईमेलमध्ये काय चुकलं ते सांगा, कमिटीला दाखवते."

सरांनी पंखा वाढवला. मग हळूच विचारलं, "सहावी सूचना काय होती गे?"

"तुमच्या भाषणाबद्दल होती. तुम्ही मंजूर केलीत."

सरांनी पंखा आणखी वाढवला.

"पुढच्या महिन्याचा ईमेल लिहायला घे," सर म्हणाले. "आणि पाठवायच्या आधी मला वाचून दाखव. चष्म्याचा नंबर वाढलाय."

"मग तमिळ अक्षरांतच लिहिते. डोळ्यांना सोपं जातं."

सरांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी तिथेच बसून लिहिलं आणि वाचायला लागले. "सूचना एक. अध्यक्षांचं भाषण, सात मिनिटं."

"दहा."

मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. या वेळी ते खरंच वाचत होते, ओठ हलत होते.

"सात," म्हणाले. "सेरी, ठीक आहे. पाठव."