चौतीस इंचांची मोटरसायकल

मास्तरांनी मोटरसायकल विकायला काढली, म्हणजे मास्तरीणबाईंनी काढली. दोघांच्या शिलाईच्या दुकानाच्या काचेवरचा कागदही त्यांच्याच अक्षरात होता: ‘हलकी, एका सिलिंडरची, डांबरावर आणि चिखलात सारखीच चालणारी मोटरसायकल विकणे आहे. आत चौकशी करावी.’ आता चौकशी करायची ती मास्तरांकडे, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

गाडीत खोट नव्हती. खोट होती ती मास्तरांच्या पायांत. सीट जमिनीपासून चौतीस इंच उंच, आणि मास्तरांची आतली लांबी, म्हणजे जांघेपासून टाचेपर्यंतचं माप, जेमतेम तीस. गाडी चालू असेपर्यंत कुणाला पत्ता लागत नसे. पंचाईत थांबताना व्हायची. फूटपाथची कड, एखादी पायरी, मोठा दगड असं काही शोधून मास्तर तिथेच थांबत, मग सिग्नल कुठेही असो. तरी या वर्षात ते दोनदा भर चौकात, सगळ्यांच्या देखत, अगदी सावकाश आडवे झाले होते. दुसऱ्या खेपेला उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं आणि मास्तरीणबाईंनी सहा आठवडे दुकान एकटीने ओढलं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी कागद काचेवर चढला.

मास्तरांचा जीव मात्र त्या गाडीत अडकलेला. बायकोला तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती, म्हणून त्यांनी एक शक्कल काढली. येईल त्या गिऱ्हाइकाला आधी उभं करायचं आणि टेप लावायची.

“गाडी म्हणजे काय छत्री आहे, कुणीही धरावी? अंगाला बसायला हवी,” असं ते गंभीरपणे सांगत.

बेकरीवाला अठ्ठावीस भरला. पोस्टमन तीस. दोघंही मास्तरांचे आभार मानून परत गेले. इथपर्यंत सगळं खरं होतं.

मग आला लिफ्ट दुरुस्त करणारा. तो दारातून वाकूनच आत आला. टेप लावली. चौतीस, वर पाव.

“एकतीस,” मास्तर म्हणाले.

“एवढीच?” लिफ्टवाला खाली बघत म्हणाला. “मला तर सगळे उंच म्हणतात.”

“वरून आहात ना उंच. धड लांब आहे तुमचं. पायांत काही दम नाही.”

बिचारा खट्टू झाला. पण माणूस भला. म्हणाला, “आता माप घेतलंच आहे तर एक पँटच शिवून टाका,” आणि त्याने राखाडी कापड निवडलं. तो समोर उभा, तेव्हा चिठ्ठीवर एकतीसच लिहावं लागलं. मागाहून दुरुस्त करू म्हणून मास्तरांनी चिठ्ठी डब्यात टाकली, आणि गाडी वाचल्याच्या आनंदात खाणीच्या कच्च्या रस्त्यावर एक फेरी मारून आले. चिठ्ठी साफ विसरले. आणि डब्यात चिठ्ठी पडली की मास्तरीणबाई तासाभरात त्या मापाचं कापड कापून मोकळ्या होत.

चार दिवसांनी लिफ्टवाला पँट घालून पडद्यामागून बाहेर आला. पँट घोट्याच्या वरच संपली होती. खाली तीन इंच मोजे दिसत होते. दुकानात बसलेली तीन गिऱ्हाइकं त्या मोज्यांकडे बघू लागली.

मास्तरीणबाईंनी चिठ्ठी पाहिली, पँट पाहिली आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, तुमचं माप चुकलं?”

हो म्हणावं तर तीस वर्षांचं नाव मातीत जाणार, नाही म्हणावं तर गाडी. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून हातावर गुंडाळली, परत सोडली.

“माप चौतीस होतं,” ते म्हणाले. “मी एकतीस सांगितलं. मला गाडी विकायची नाही. आठवडाभर मी वीतभर अंतरावरची सुई बघत बसतो गं. तिच्यावर बसलं की मला लांबचं दिसतं.”

“आणि मी काय बघते?” मास्तरीणबाईंचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. “बाहेर इंजिन बंद झालं की तुम्ही पोचलात की पडलात, ते कळेपर्यंत माझा हात चालत नाही. भीती वाटते मला. दर वेळी.”

नवराबायकोच्या अशा बोलण्यात उभं राहणं बरं दिसेना, म्हणून लिफ्टवाला आखूड पँटीनिशी बाहेर सटकला आणि गाडीवर जाऊन बसला. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. “मस्तच की!” तो ओरडला. “सीट आहे का गादी?”

मास्तरीणबाई बाहेर आल्या. त्याला उठवून त्यांनी सीटमध्ये अंगठा रुतवला.

“आत काय आहे?”

“फोम,” मास्तर म्हणाले.

“किती?”

“असेल पाचेक इंच.”

“आणि वरून हे रेक्झिन. शिवलेलं.” त्या नवऱ्याकडे वळल्या. “अहो, गिऱ्हाइकाला पँट लांब झाली तर आपण काय करतो?”

“आखूड करतो.”

“मग पाच वर्षं शिंप्याच्या दारात ही गाडी अशी लांबच्या लांब का उभी आहे?”

पाच वर्षांत हे मास्तरीणबाईंनाही सुचलं नव्हतं, पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती.

लिफ्टवाल्यानेच पिशवीतून पाना काढून दोन बोल्ट सोडवले. सीट कटिंगच्या टेबलावर आली. मास्तरीणबाईंनी शिवण उसवली, खडूने रेघ मारली आणि स्वयंपाकघरातली मोठी सुरी आणून फोम तीन इंच तासला. रेक्झिन पुन्हा ओढून शिवलं. मास्तर चढून बसले. चवडे टेकले.

“टाचा?”

“थोडक्यात राहिल्या.”

“उतरा.”

आणखी एक इंच गेला. सीट आता फळीसारखी टणक झाली होती, पण मास्तर तिच्यावर ऐटीत ताठ बसले. टाचा टेकल्या होत्या. तेवढ्यात मास्तरीणबाईंनी न सांगता त्यांना खांद्याने जोरात ढकललं. गाडी कलली, पाय रोवला गेला, गाडी सरळ झाली. मग त्या दुसऱ्या बाजूला गेल्या आणि तिकडूनही ढकलून पाहिलं. मास्तर पडले नाहीत.

“जा आता,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “संध्याकाळच्या आत या.”

इंजिनाचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग आत येऊन त्यांनी लिफ्टवाल्यासाठी नवं राखाडी कापड काढलं. माप मात्र या खेपेला स्वतःच घेतलं.