खंडेनवमीपासून बंद

खंडेनवमीच्या सकाळी ललिता ठोंबरेने प्रिंटरला झेंडूची माळ स्वतःच्या हाताने घातली, तेव्हा जयवंताबाई हळदकुंकवाचे ताट घेऊन जागीच थबकल्या. खालापूरच्या या कारखान्यात लेझर प्रिंटरचे सुटे भाग जुळवता जुळवता बाईंचे केस पिकले होते. पोशीरची ही भौतिकशास्त्र शिकलेली पोरगी दरवर्षी नेमकी पूजेच्या वेळी चहाला जाते, हे त्यांना ठाऊक होते.

"काय गं, यंदा देव आठवला का?"

"देव नाही बाई, रीत. सर म्हणालेत, दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. नाही लावणार."

"येरवी तर वाद घालतेस."

"दमले वाद घालून."

ती दमली नव्हती. वाट पाहत होती.

सर म्हणजे विभागप्रमुख जितेश भोईर, चौक गावचा माणूस, बोलायला गोड. त्याने तिचे काय घेतले होते, ते समजायला प्रिंटरच्या पोटात डोकवावे लागेल. तिथल्या डब्यात टोनरची काळी भुकटी बारीक लोहकणांत मिसळलेली असते. छपाईत टोनर खर्च होतो, लोहकण मागे राहतात. तळाशी बसवलेल्या सेन्सरला टोनर दिसतच नाही. लोहकण किती दाटीने बसले आहेत, एवढेच कळते. दाटी वाढली की टोनर संपत आला असे समजून तो नवा टोनर मागवतो. घाटाच्या पायथ्याच्या दमट हवेत हा सेन्सर फसतो, हे ललिताने शोधले होते. यंत्र पडून राहिले की कणांवरचा विद्युतभार ओसरतो, एकमेकांना दूर लोटणारे कण खाली दाटून बसतात, आणि पोट भरलेले असतानाही सेन्सर उपासमारीची तक्रार करतो. उपायही तिचाच होता. आधी मिश्रण नीट घुसळायचे, मग सेन्सरचे ऐकायचे.

मागच्या वर्षी जितेशने हे सारे काम स्वतःच्या सहीच्या अहवालात वरिष्ठांपुढे मांडले. तिने जाब विचारला तेव्हा तो हसला. "टीम हाय गं आपली. तुझं काय नि माझं काय." या महिनाअखेरीस तिचा करार संपेल आणि पुढे वाढणार नाही, हेही त्याने आता त्याच सुरात सांगितले. वर, पहिले पान उशिरा निघते म्हणून घुसळण्याची पायरीच अहवालातून आणि यंत्रातून काढून टाकली. "गिऱ्हाईक थांबत नाय. तू घुसळत बस तुझं ताक." ही पायरी काढू नका, असे तिने लेखी कळवले, तोंडीही सांगितले. त्यापुढे सांगणे तिने बंद केले.

पुण्याच्या एका मोठ्या कंपनीच्या तंत्रज्ञ सुरभी काळे दसऱ्याला कर्जतला माहेरी निघाल्या होत्या. वाटेत प्रात्यक्षिक पाहतील, असे जितेशनेच जुळवून आणले. हा सौदा झाला तर तो कारखान्याचा व्यवस्थापक होणार होता. मुहूर्त साधायचा म्हणून यंत्र नवमीपासून बंद. पूजेसाठी मुख्य बटण खाली ओढलेले, म्हणून वातानुकूलनही बंद. पावसाची ओल अजून भिंतींत मुरलेली होती. ललिताने ना काही बंद केले होते, ना काही बिघडवले होते. तिने फक्त आज्ञा पाळली होती.

दसऱ्याच्या सकाळी सुरभीताईंसमोर नारळ फुटला. पांढरा झब्बा सावरत जितेशने बटण दाबले. टोनर ओढणारी मोटर गुरगुरू लागली आणि थांबेचना. ललिता हात मागे बांधून ऐकत राहिली. पहिल्या पानावर अक्षरे काळीभोर आली, पण कोरा भागही करडा. पुढचे पान त्याहून मळकट. मग यंत्राच्या फटींतून काळी धूळ उडाली आणि झेंडूवर, नारळाच्या शकलांवर, झब्ब्यावर बसली.

सुरभीताईंनी पान उजेडात धरले. "सेन्सरचं मोजमाप घेण्याआधी मिश्रण किती वेळ फिरवता?"

"गरजच पडत नाही मॅडम."

"असं कुणी ठरवलं?"

जितेशची नजर ललितावर येऊन थांबली. "खरं सांगायचं तर मॅडम, हे काम ललिताचं आहे. मी नुसती सही केली."

हे वाक्य ऐकण्यासाठी तिने वर्ष घालवले होते, आणि ते आले ते असे, काजळीत लोळून. हो म्हणायचा अवकाश होता. पूजा झाली होती, हात मोकळे होते. मिश्रण घुसळायचे, जादा टोनर काही पानांवर काढून टाकायचा, की पांढरेशुभ्र पान निघाले असते, तिच्या नावाने. कदाचित नोकरीही टिकली असती. पण मग त्यानेही तिच्याशेजारी उभे राहून टाळ्या घेतल्या असत्या.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "अहवाल सरांचा आहे. यंत्र अगदी त्यात लिहिल्याप्रमाणे चालतंय."

एकही अक्षर खोटे नव्हते. सुरभीताईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले, पान घडी करून पिशवीत ठेवले आणि गाडी काढायला सांगितली. पुन्हा येते, असे त्या म्हणाल्या नाहीत.

जितेशने तिला चहाच्या खोलीत गाठले. "एक शब्द बोलली असतीस तर?"

"हात लावू नको म्हणाला होतात."

"तोंडाला कुणी कुलूप लावलेलं?"

"तुम्हीच, सर. मागच्या वर्षी."

सौदा गेला होता, त्याच्याबरोबर तिची पद्धतही गेली होती. या कारखान्यात आता तिला कुणी विचारणार नव्हते. काय जळाले, याचा हिशेब ललिताला चोख ठाऊक होता, आणि तरीही तिला आतून गार वाटत होते.

जितेशने गरम पाण्याचा नळ सोडला आणि झब्ब्यावरची काळी भुकटी चोळायला घेतली.

जयवंताबाई दारातून कुजबुजल्या, "अगं, सांग की त्याला. गरम पाण्यानं ती कापडात बसते कायमची. नुसती झटकायची अस्ती."

"चोळू द्या," ललिता म्हणाली.