रोवणीच्या बांधीवर वाटलेलं औषध

औषध उरलं की जपून ठेवायचं आणि कुणी खोकललं की द्यायचं. किती घरांत हे चालतं! एकोडीच्या उषाबाईंकडेही चालायचं.

त्यांची सून हर्षा सात महिन्यांची गरोदर. तिला इन्फ्लुएन्झा झाला, म्हणून उपकेंद्राच्या डॉक्टर उर्वशींनी विषाणूविरोधी कॅप्सूल पाच दिवसांसाठी दिल्या. दोन दिवसांतच ताप उतरला.

"आता कायले खातेस वं? पोटातल्या लेकराले गरम पडन," म्हणत उषाबाईंनी उरलेली पट्टी पदरात बांधली आणि धानाच्या रोवणीला गेल्या.

बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणाऱ्या बायांच्या टोळीचा रिवाज होता: न्याहारीला एकीचं ते सगळ्यांचं. दोघीतिघी खोकत होत्या. उषाबाईंनी विळ्याने पट्टीचे तुकडे केले आणि चटणी-भातासोबत एकेक कॅप्सूल वाटली.

संध्याकाळी हर्षाचं अंग पुन्हा तापलं. उर्वशी तपासायला आल्या.

"पट्टी कुठं आहे?"

"टोळीत वाटली."

"मावशी, तो काय प्रसाद होय! गरोदरपणात हा आजार छातीत उतरू शकते."

उषाबाईंचा चेहरा उतरला. "पण ताप तं गेलता ना?"

"ताप गेला, विषाणू नाही. औषध अर्ध्यात सोडलं की तो पुन्हा वाढते, अन् वाढता वाढता बदलते. एखादा असा निघते का त्याच्यावर हे औषध चालतच नाही. तो गावात पसरला, तर उद्या दुसऱ्या गरोदर पोरीले मी काय देऊ?"

"म्हंजे निंदण अर्ध्यात सोडल्यावानी. उरलेलं तणच बी धरते."

"अगदी तसंच! अन् साध्या खोकल्याले हे लागतही नाही."

उषाबाई धावतच टोळीतल्या शकुंतलाबाईंच्या दारात पोचल्या. "खाल्ली काय वं गोळी?"

"नाई बा! एवढी भारी औषधी खोकल्यावर कायले घालवू? नातवासाठी डब्यात ठेवली."

बाकीच्यांनीही तेच केलं होतं! कुणी फडताळात, कुणी देवाजवळ. उषाबाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी सगळे तुकडे गोळा करून आणले आणि उर्वशींनी प्रत्येक तुकडा बंद असल्याची खात्री करून घेतली. हर्षाची सकाळची मात्रा तेवढी चुकली होती; पुढची तिला लगेच दिली. तिची छातीही साफ होती.

पाचवा दिवस संपला तेव्हा हर्षा अंगणात बसून सासूला म्हणाली, "आई, लेकरू लाथा मारून राहिलं."

"मलेच मारत असन," उषाबाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी मनमोकळं हसल्या.

बांधीवर आता चटणी वाटली जाते, भात वाटला जातो. औषध मात्र नाही. या वेळी साठवण्याच्या सवयीने वाटण्याची चूक सावरली, पण दर वेळी असं होणार नाही. म्हणून मित्रांनो, डॉक्टरांनी ज्याला औषध दिलं त्यानेच ते घ्यावं आणि पूर्ण घ्यावं. ते उद्याही गुणकारी राहावं, ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे.