भाषेत पहिली

तिचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. अंगाने काडी आणि बोलली की टोचायचं, म्हणून शाळेत कुणीतरी तिला टाचणी म्हटलं आणि ते घरापर्यंत आलं. घरात माणसं तीन. लिफ्ट दुरुस्त करणारे बाबा, त्यांची थोरली बहीण म्हणजे आत्या, आणि टाचणी. आई टाचणीच्या लहानपणीच गेली. तेव्हा आत्या या घरी राहायला आली आणि खालच्या गाळ्यात तिने केसांचं पार्लर टाकलं.

कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचे दोन भाग होते, गणित आणि भाषा. गणिताचं टाचणीला भय नव्हतं. भाषेत मात्र तिची दांडी गुल व्हायची. समानार्थी शब्द, शब्दांच्या जोड्या, उतारा वाचून उत्तरं, सगळं ती कानाला बरं वाटेल तसं ठोकून द्यायची. क्लासमधल्या सराव परीक्षांचे निकाल भिंतीवर लागत, आणि भाषेच्या यादीत तिचं नाव शोधायला नेहमी तळापासून सुरुवात करावी लागे.

“कानावर कशाला जातेस?” भाषेच्या मॅडम तिला म्हणाल्या. त्या तरुण होत्या, क्लासमध्ये नव्याच लागल्या होत्या. “हेच उत्तर का, ते कुणाला तरी पटवून दे. पटलं नाही तर तुलाही ते कळलेलं नाही असं समज.”

पटवून देण्यासाठी टाचणीला मिळाली आत्या. आणि आत्याला काही पटवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं.

संध्याकाळी पार्लरमध्ये आरशाखालच्या स्टुलावर बसून टाचणी प्रश्न मोठ्याने वाचायची. आत्याच्या हातात कुणाचं तरी डोकं असायचं, पण तोंड मोकळं असायचं.

“‘हेकट’ या शब्दाला सर्वांत जवळचा शब्द कोणता? ठाम, हट्टी, रागीट की एकलकोंडा?”

“ठाम,” आत्या म्हणाली.

“चूक. हट्टी.”

“का गं? दोघंही आपलंच खरं करतात.”

“ठाम माणसाकडे कारण असतं, आत्या. आणि कारण चुकीचं निघालं तर तो बदलतो. हेकट माणसाला कारण लागतच नाही.”

“मग माझा भाऊ कोण?”

“ते पर्यायात नाही.”

केसांना रंग लावून बसलेली बाई एवढी हसली की रंग कपाळावर ओघळला.

गणितही आत्याच्या तावडीतून सुटत नसे. एक शिवणकाम करणारी एक काम सहा दिवसांत करते, दुसरी तीन दिवसांत. दोघी मिळून किती दिवसांत करतील? टाचणी म्हणाली दोन. आत्या म्हणाली, “अजिबात नाही. दोघींना एकत्र बसवलं की गप्पा मारतात. आठवडा लागेल.” तरीही दोनच का, हे टाचणीला सांगावं लागलं. पहिली दिवसाला सहावा हिस्सा करते, दुसरी तिसरा, दोन्ही मिळून अर्धं काम. शेवटी आत्या म्हणाली, “बरं, कागदावरच्या बायका मुक्या असतील,” आणि हार मान्य केली.

उताऱ्यांसाठी आत्याने वेगळाच नियम काढला. एका बाजूला केस वाळवण्याचं यंत्र घोंघावत असायचं. त्या आवाजात टाचणीने उतारा मनात वाचायचा, आणि खुर्चीतल्या बाईला दोन वाक्यांत सांगायचा. बाईला कळला तर पास. कधी समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या माशांवर उतारा असे, कधी जुन्या करारांवर. बाया अडवून विचारायच्या. “पण लेखक त्याच्या बाजूने आहे की विरुद्ध?” टाचणी पुन्हा वाचायची, आणि पहिल्यांदा नजरेतून निसटलेलं एखादं ‘मात्र’ किंवा ‘कदाचित’ तिला सापडायचं. त्या एका शब्दाने उताऱ्याचं तोंड फिरलेलं असायचं. त्या ‘मात्र’वर तिचा जीव जडला.

शेवटच्या मोठ्या सराव परीक्षेत टाचणी भाषेत पहिली आली.

भिंतीवरच्या यादीसमोर ती उभी राहिली तेव्हा मागून कुणी शाबास म्हणालं नाही. उलट कुजबुज झाली. शिपायाने तिला मोठ्या सरांच्या खोलीत बोलावल्याचं सांगितलं. मोठे सर म्हणजे क्लासचे संचालक. आत गेल्यावर टाचणीला बाबा दिसले. कामाच्या निळ्या कपड्यांत, हाताला वंगण, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेले. त्यांना फोन करून बोलावून घेतलं होतं. खिडकीपाशी भाषेच्या मॅडम उभ्या होत्या.

“परीक्षेच्या आधी प्रश्नपत्रिकांचा एक गठ्ठा उघडा सापडला,” मोठे सर म्हणाले. “कुणीतरी पाहिलाय. आणि तळाची मुलगी एकदम वर येते. मी काय समजायचं?”

“अभ्यास केला असं समजायचं,” टाचणी म्हणाली.

“कुणाबरोबर?”

“आत्याबरोबर.”

“आत्या काय करतात?”

“केस कापते.”

सर हसले. वाईट हसले असंही नाही, कीव आल्यासारखे हसले, आणि ते जास्त लागलं. बाबांकडे वळून ते म्हणाले, “तुम्हीच सांगा. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?”

बाबा हात पुसायला फडकं शोधत राहिले.

सरांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. “दोन ओळींची माफी लिही. पेपर पाहिला, पुन्हा करणार नाही. मी कुठे बोलणार नाही. वर्ग चालू राहील. मुलीच्या भविष्याचा प्रश्न आहे, म्हणून एवढं तरी करतोय.”

“लिहून टाक,” बाबा हळूच म्हणाले. “दोन ओळींनी काय होतंय?”

टाचणीने कागदाला हात लावला नाही. “सर, माझा पेपर आणा. कुठल्याही प्रश्नावर बोट ठेवा. तेच उत्तर का निवडलं ते सांगते.”

सरांनी पेपर काढला. एक शब्दांची जोडी विचारली. तिने नातं काय, उरलेले तीन पर्याय कुठे फसतात, ते सांगितलं. दुसरी विचारली, तीही सांगितली. मग सरांचं बोट उताऱ्यावरच्या एका लाल खुणेवर थांबलं. “आणि हे?”

“ते चुकलं. लेखक निर्णयाच्या बाजूने आहे असं मला वाटलं. पण शेवटच्या ओळीत ‘मात्र’ आहे, तो बाजू बदलतो. घाईत सुटला.”

खिडकीपाशी मॅडम पुढे झाल्या. “सर, पेपर आधी मिळाला असता तर हा प्रश्न ती चुकली नसती.”

“हुशार चोर एखाददुसरी चूक मुद्दाम करतो,” सर म्हणाले.

रडू येईल असं टाचणीला वाटत होतं. आलं ते मात्र वेगळंच.

“म्हणजे बरोबर आलं तरी मी चोर, चुकलं तरी मी चोर,” ती म्हणाली. “सर, असा प्रश्न पेपरात आला असता तर रद्द झाला असता. सगळ्या पर्यायांना एकच उत्तर आहे.”

“तोंड सांभाळ. माफी लिहायची नसेल तर वर्गात यायचं नाही. एवढा हेकटपणा बरा नव्हे.”

“हेकट नाही, ठाम. माझ्याकडे कारण आहे. तुमच्याकडे काय आहे ते अजून कळलं नाही.”

ती उठली. दारात तिने बाबांची वाट पाहिली. बाबा थोडा वेळ बसून राहिले, मग सरांना नमस्कार करून बाहेर आले.

घराचा जिना चढताना ते फुटले. “परीक्षा तोंडावर आलीय. क्लास गेला. दोन ओळी लिहिल्याने तुझा हात झिजला असता? मी रोज अशी माफी मागतो. लिफ्ट लोकांनीच बिघडवलेली असते, आणि सॉरी मी म्हणतो. म्हणून तर काम टिकलं.”

“तुम्ही का म्हणता?”

“पोटासाठी.”

“मला पोटासाठी नको आहे, बाबा. मला ते खरंच आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं. ते मी पाहून लिहिलं असं माझ्याच हाताने लिहू?”

बाबांनी दार उघडलं आणि आत जाऊन अंघोळीला बसले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आत्याला कळलं तेव्हा तिने हातातली कात्री खाली ठेवली. तिला शिव्या चांगल्या येत होत्या. त्यातल्या काही तिने वापरल्या. मग म्हणाली, “झालं ते झालं. पुस्तक काढ. मी अजून अडाणीच आहे, मला पटव.”

वाचनालयातून जुन्या प्रश्नपत्रिका आल्या. मॅडमनीही काही पाठवल्या, कुणाला न सांगता. टाचणी आता रागाने अभ्यास करत होती, आणि रागाने गणितं चुकतात हे तिला लवकरच कळलं. वजाबाकीची चिन्हं हरवायची. मग ती थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा पहिल्या ओळीपासून यायची. पार्लरमधल्या बायांना सगळं ठाऊक झालं होतं. त्या आता तिला मुद्दाम छळायच्या. “पटलं नाही गं. पुन्हा सांग.” ती पुन्हा सांगायची.

बाबा मात्र पार्लरच्या बाजूला फिरकत नव्हते. एके दिवशी ते कामावरून लवकर आले आणि दारातच रेंगाळले. आत शेकडेवारीच्या एका गणितावर आत्या अडून बसली होती. एखाद्या वस्तूचा भाव दहा टक्के वाढवला आणि मग दहा टक्के उतरवला, की तो पुन्हा मूळ जागी येतो, असं तिचं म्हणणं.

“नाही येत, ताई,” बाबा दारातून म्हणाले. “दहा टक्के वर गेला शंभरावरून. उतरला एकशेदहावरून. खालीच जाणार.”

“तू कधीपासून मध्ये बोलायला लागलास?” आत्या म्हणाली.

“आज सोसायटीच्या माणसाने लिफ्टचं दार पुन्हा लाथेने उघडलं,” बाबा म्हणाले. “मी सॉरी म्हटलं नाही.” मग ते आत आले आणि रिकाम्या खुर्चीत बसले. “पुढचं वाच.”

परीक्षेच्या सभागृहात टाचणीच्या पुढच्या मुलाला एकसारख्या शिंका येत होत्या आणि घड्याळ भिंतीवर वाकडं टांगलेलं होतं. केस वाळवण्याच्या यंत्रापुढे हे काहीच नव्हतं. एक लांब गणित तिने अर्ध्यावर सोडलं, कारण ते सुटणार नाही हे तिला कळलं. पूर्वी ती त्याच्याशीच झटत बसली असती.

निकाल लागला. ती पहिली वगैरे आली नाही. तिला हवं ते कॉलेज मिळालं, हवा तो विषय मिळाला नाही, दुसऱ्या पसंतीचा मिळाला. आत्या रडली. बाबांनी निकाल वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

पुढच्याच आठवड्यात पार्लरमधली एक बाई धावत आली. “अगं, चौकात तुझा फोटो लागलाय!”

क्लासच्या इमारतीवर दुमजली फलक झळकत होता. ‘आमचे यशवंत.’ ओळीने चेहरे, आणि वरच्या ओळीत टाचणी, प्रवेश अर्जावरच्या फोटोत, बावळटासारखी डोळे विस्फारलेली. खाली लिहिलं होतं, ‘भाषेत विशेष प्रावीण्य.’

ती थेट मोठ्या सरांच्या खोलीत गेली. सर उठून उभे राहिले. “ये ये! मनात काही ठेवू नकोस हं. शेवटी घडलीस ती आमच्याच हाताखाली.”

“माझा फोटो काढा.”

“अगं, तुझीच प्रसिद्धी आहे.”

“चोराचा फोटो पोलीस लावतात, सर. तुम्ही कशाला लावता?”

सरांचं हसू जरा आखडलं. “फलक छापून झालाय. प्रवेश संपले की उतरेलच.”

“नाहीतर दोन ओळी लिहून द्या,” टाचणी म्हणाली. “मुलीने पेपर पाहिला नव्हता, आमची चूक झाली. मग राहू दे.”

सर कागदांची चवड नीट करू लागले. ते काही लिहिणार नाहीत हे तिला दिसलं. खाली येऊन तिने बाबांना फोन केला.

बाबा कामाच्या गाडीतून आले. टपावर घडीची लांब शिडी बांधलेली होती. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं, फलकाकडे पाहिलं, शिडी सोडली, भिंतीला टेकवली आणि दोनदा हलवून पाहिली. “वरच्या पायरीवर जायचं नाही,” एवढंच म्हणाले, आणि तार कापायची सुरी तिच्या हातात दिली.

टाचणी चढली. खाली माणसं जमली. शिपाई बाहेर आला, वर बघून आत गेला. खिडकीत मोठे सर येऊन उभे राहिले. ओरडले मात्र नाहीत. एवढ्या लोकांसमोर काय ओरडणार? फलकाचं कापड जाड होतं, सुरी अडत होती. तिने घाई केली नाही. शेजारच्या मुलाच्या चेहऱ्याला धक्का लागू नये म्हणून रेघ धरून कापत गेली. तुकडा सुटला तसा मागच्या विटांचा एक चौकोन उघडा पडला.

खाली एक आई आपल्या मुलीला घेऊन थांबली होती. प्रवेशासाठीच आली असावी. तिने वर पाहून विचारलं, “अगं ए, तिथे कुणाचा फोटो होता?”

“माझा.”

“मग काढलास कशाला? क्लास वाईट आहे का?”

टाचणीने शिडीवरूनच क्षणभर विचार केला. खाली बाबा दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते.

“गणित चांगलं शिकवतात,” ती म्हणाली. “भाषेच्या मॅडमही चांगल्या आहेत. पण माफीचा कागद पुढे केला तर सही करू नका.”